१ जुलै १८६५ : मुंबईचा शेअरसट्टा आणि जोखमीचा हिशेब

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा पाया १८६९ मध्ये घातला गेला. ज्यांच्या देणगीतून तो मनोरा उभा राहणार होता, ते प्रेमचंद रायचंद तोवर दिवाळखोर होऊन तीन वर्षे लोटली होती. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला आधी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मग आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८६६ मध्ये त्यांची पेढी बुडाली. १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. त्या काळच्या मुंबईतल्या शेअरबाजारातून वेळेवर बाहेर पडलेल्या मोजक्या रकमांपैकी ही एक, असे म्हणायला हरकत नाही.

‘जितकी जोखीम मोठी, तितका लाभ मोठा’ हे वाक्य गुंतवणुकीच्या प्रत्येक चर्चेत येते. ते अर्धवट आहे. जोखीम नेमकी कशात आहे, ती डोळ्यांना दिसते का, आणि लाभ घेणारा व जोखीम वाहणारा माणूस एकच असतो का, हे प्रश्न त्यात येतच नाहीत. १८६१ ते १८६५ या काळातल्या मुंबईने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे फार महागात विकत घेतली. हा धागा त्या खरेदीचा आहे.

आरंभ मुंबईपासून फार दूर झाला. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस याच दक्षिणेतून जात असे. तो थांबला. गिरण्या बंद पडू लागल्या, मजूर उपाशी राहू लागले, आणि लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव तीन वर्षांत तिपटी-चौपटीला गेला. एरवी आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला म्हणून नाक मुरडून घेतला जाणारा हिंदुस्थानी कापूस आता सोन्याच्या मोलाने जाऊ लागला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड इथला माल मुंबई बंदरातून बाहेर पडत होता. या काळात मुंबईला नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे आठ कोटी पौंड अधिक मिळाले, हा अंदाज इतिहासग्रंथांत वारंवार येतो. सोन्याचांदीचे पेटारे जहाजांतून उतरत होते. खेड्यांत बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा याच काळातल्या. त्यांतली अतिशयोक्ती वजा केली तरी हवा कोणती होती ते कळते.

इथपर्यंत गोष्ट व्यापाराची आहे, सट्ट्याची नाही. कापूस विकणारा व्यापारीही जोखीम घेतच होता. भाव आज चढे, उद्या उतरे. लढाई संपल्याची अफवा उठली की बाजार गडगडे, खोटी ठरली की पुन्हा उसळे. परंतु ही जोखीम उघड होती. सगळ्यांना ठाऊक होते की भाव लढाईवर टांगलेला आहे आणि लढाई कधीतरी संपणार.

खरा प्रश्न निराळाच होता. आलेल्या पैशाचे करायचे काय? सरकारी रोख्यांवर मिळणारे व्याज त्या उन्मादाच्या दिवसांत कोणाच्या डोळ्यांत भरणार? कारखानदारी नुकतीच रांगू लागलेली. अशा वेळी एक नवे साधन हाताशी होते. १८५७ च्या १९ व्या कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढण्याची मुभा दिली होती आणि १८६० मध्ये ती बँकांनाही मिळाली. कंपनी बुडाली तरी भागीदाराचे घरदार बुडणार नाही, त्याचे देणे त्याच्या शेअरांपुरतेच, असा त्याचा अर्थ. जोखमीला कायद्याने कुंपण घातले गेले. कुंपण पाहून माणसे निर्धास्त झाली आणि शेतच्या शेत पेरत सुटली.

१८६४ च्या अखेरीस मुंबईत ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल असोसिएशन’ आणि ८ जमीन कंपन्या उभ्या होत्या. शिवाय कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्या, जहाज कंपन्या, विमा कंपन्या वेगळ्याच. १८६० मध्ये साठाच्या आसपास असलेली शेअरदलालांची संख्या दोनशे-अडीचशेवर गेली. या दलालांचा मुकुटमणी म्हणजे प्रेमचंद रायचंद. सुरतेत जन्मलेला हा जैन तरुण तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला होता. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल ही त्याची ख्याती. नव्या कंपनीचे शेअर कोणाला मिळायचे हे पुष्कळदा त्याच्या शब्दावर ठरे. शेअर मूळ किमतीला पदरात पडणे हाच नफा होता, कारण बाजारात त्यावर त्याच दिवशी अधिमूल्य चढलेले असे. म्हणून भायखळ्यातल्या त्याच्या बंगल्याकडे लोकांची रीघ लागे.

सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. बेटाच्या पश्चिमेकडचा समुद्र बुजवून जमीन काढायची, ही तिची योजना. कल्पना खुळचट नव्हती. शहर वाढत होते, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या, जमिनीला खरोखरच मागणी होती. ज्या किनाऱ्याचा पुढे मरीन ड्राइव्ह झाला त्याला जमीन म्हणून किंमत येणार, हे भाकीत चुकलेले नाही. चुकला तो भाव. या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. समुद्रातून अजून मूठभर मातीही वर आलेली नसताना पुढच्या कित्येक पिढ्यांचे भाडे लोकांनी एका शेअरच्या किमतीत मोजून दिले होते. चांगली कल्पना आणि चांगली गुंतवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये किंमत उभी असते.

आता या सट्ट्याच्या यंत्रात जोखीम कुठे दडली होती ते पाहण्यासारखे आहे. कारण ती शेअरच्या भावात दिसत नव्हती.

पहिली जागा म्हणजे अर्धवट भरलेले शेअर. त्या काळच्या पुष्कळ कंपन्या शेअरची पूर्ण दर्शनी रक्कम एकदम घेत नसत. थोडी आता घ्यायची, उरलेली लागेल तेव्हा हप्त्याने मागवायची. घेणाऱ्याला वाटे, शंभर रुपयांत चारशेचा शेअर आला. प्रत्यक्षात शंभराची मालमत्ता आणि तीनशेचे देणे, दोन्ही त्याच्या घरी एकत्र आलेली असत. भाव चढता असेपर्यंत हे देणे कोणी मोजत नसे, कारण हप्त्याची मागणी येण्याआधीच शेअर विकून मोकळे होता येईल असा प्रत्येकाचा बेत होता. कंपनी बुडू लागली की तिचे अवसायक दारात येऊन उरलेले तीनशे मागत. मर्यादित जबाबदारीच्या कुंपणाला हे फाटक मुळातच होते.

दुसरी जागा म्हणजे वायदा. सहा महिन्यांनी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा देण्याचा करार. त्यापायी आज खिशातून जवळजवळ काहीच द्यावे लागत नसे. समजा, एकाने १ जुलै रोजी ४०,००० रुपयांना एक शेअर घेण्याचे कबूल केले. त्या दिवशी भाव ५०,००० असेल तर दहा हजार फुकट मिळाले. भाव १५,००० असेल तर पंचवीस हजार द्यायचे. अशा कितीही करारांवर सही करता येई. मर्यादा शाईची होती, भांडवलाची नव्हती.

याहून सूक्ष्म धोका मधल्या माणसाचा. एका दलालाने ‘अ’कडून शेअर घेण्याचा आणि ‘ब’ला तोच शेअर देण्याचा करार केला आहे. दोन्ही बाजू जुळल्या, भाव कुठेही गेला तरी त्याला चिंता नाही, मधले दोन पैसे त्याचे. कागदावर हा माणूस शहरातला सर्वांत सुरक्षित. पण एका बाजूचा पक्षकार बुडाला की दुसऱ्या बाजूचे देणे जसेच्या तसे त्याच्या अंगावर येते. तो बुडाला की त्याच्या पुढचा. भावातल्या चढउताराशी काहीही देणेघेणे नसलेली माणसे अशी एकामागून एक बुडू शकतात, आणि मुंबईत बुडाली.

तिसरी जागा सर्वांत प्रतिष्ठित होती : बँक ऑफ बॉम्बे. १८४० मध्ये स्थापन झालेली ही इलाख्याची बँक. तिच्यात सरकारचे भागभांडवल होते आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सदस्य होते. जुन्या सनदेत कर्ज कशाच्या तारणावर द्यायचे यावर कडक बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल केली आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. त्यातून एक चक्र फिरू लागले. शेअर तारण ठेवून कर्ज घ्यायचे, कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, खरेदीने भाव चढतो, भाव चढला की तारणाची किंमत वाढते, मग आणखी कर्ज. बँकेच्या वहीत प्रत्येक कर्ज सुरक्षित दिसत होते, कारण तारणाची किंमत कर्जाहून जास्त होती. ती किंमत बँकेच्याच पैशाने चढलेली आहे याची नोंद करायला वहीत रकाना नव्हता.

याच वर्षी, १८६३ मध्ये, पॅरिसमध्ये एक पुस्तक निघाले. ज्यूल रेन्यो नावाच्या, तिथल्या शेअरबाजारातल्या दलालाकडे काम करणाऱ्या माणसाने भावांच्या हालचालींना गणित लावले. भाव आपल्या जागेपासून किती दूर भटकेल, हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, असे त्याने दाखवले. चौपट काळ थांबलात तर भटकंती चौपट नव्हे, दुप्पट होते. अल्प मुदतीत वारंवार खेळणाऱ्याला दलालीच खाऊन टाकते, हेही त्याने हिशेबाने मांडले. चढउतार मोजता येतात ही कल्पना इथे आकाराला येत होती. पुढे १९०० मध्ये लुई बाशेलिएने आपल्या प्रबंधात ती प्रगत गणितात नेली आणि १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झने चढउतारालाच जोखमीचे माप ठरवून त्याचा परताव्याशी संबंध जोडला.

मुंबईच्या कोटातल्या कोणा दलालाच्या हाती रेन्योचे पुस्तक पडले असेल, असे मानायला आधार नाही. पडले असते तरी फारसा उपयोग झाला नसता. या गणिताच्या मुळाशी एक गृहीत आहे : भावाला ढकलणारी कारणे अनेक, बारीक आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मुंबईत कारण एकच होते. बँकेचा शेअर, जमीन कंपनीचा शेअर, विम्याचा शेअर, प्रेस कंपनीचा शेअर, अशी नावे चार, धंदे चार. पण बँकेचे ऋणको जमीन कंपनीचे भागीदार, जमीन कंपनीचे भागीदार कापसाचे व्यापारी, आणि कापसाचा भाव अमेरिकेतल्या रणांगणावर. ‘सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत’ हा उपदेश पाळणाऱ्या माणसानेही चार टोपल्या एकाच बैलगाडीत ठेवल्या होत्या. मार्कोविट्झच्या लेखातला खरा मुद्दा हाच : शेअर किती हलतो यापेक्षा तो इतरांबरोबर किती हलतो हे महत्त्वाचे. मुंबईला ते समजायला नव्वद वर्षे थांबण्याची गरज पडली नाही.

आणखी एक फसगत चढत्या काळाची. भाव सतत वरच जात असतो तेव्हा त्याला कोणी अस्थिर म्हणत नाही. त्याला प्रगती म्हणतात. हादरे न बसलेली ती तीन वर्षे पाहून जोखीम कमी आहे असा निष्कर्ष निघत होता, आणि नेमक्या त्याच निष्कर्षावर आणखी कर्ज उचलले जात होते. धोका साचत होता, आणि वर मात्र बाजार शांत दिसत होता.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेला. त्याच वर्षाच्या आरंभी इराणच्या आखातातल्या केबलमार्गे युरोप आणि हिंदुस्थान तारेने जोडले गेले होते, त्यामुळे शांततेची बातमी आगबोटीची वाट न पाहता आली. कापसाचे भाव कोसळले. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची मोठी पेढी कोट्यवधींची देणी ठेवून बुडाली. मग सगळ्यांचे डोळे एका तारखेकडे लागले. १ जुलै. सहा महिन्यांचे असंख्य वायदे त्या दिवशी पुरे व्हायचे होते.

वायद्याची ही खोड ध्यानात घेण्याजोगी आहे. तोटा मे महिन्यातच झालेला होता, पण तो मान्य करण्याचा दिवस जुलैचा होता. मधले दोन महिने शहर बुडालेले असूनही कोणी बुडाले नव्हते. १ जुलै उजाडला तेव्हा फरक भरायला कोणाकडेच पैसा नव्हता, कारण प्रत्येकाचा पैसा दुसऱ्याकडून यायचा होता. दिवाळखोरीचे अर्ज इतके झाले की नेहमीची न्यायव्यवस्था पुरेना. धनकोंच्या संमतीने विश्वस्तांमार्फत मालमत्ता मिटवण्यासाठी १८६५ चा २८ वा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर अखेरीस ८७ रुपयांना विकला गेला.

या दोन आकड्यांत परताव्याचे एक निष्ठुर अंकगणित आहे. २,८५० वरून ८७ म्हणजे सुमारे ९७ टक्के घट. पण ८७ वरून पुन्हा २,८५० व्हायला ९७ टक्के वाढ पुरत नाही, जवळजवळ तेहतीसपट व्हावे लागते. निम्मे गमावणाऱ्याला मूळ जागी यायला दुप्पट कमवावे लागते. चढ आणि उतार यांची टक्केवारी सारखी दिसली तरी ती समान वजनाची नसते, आणि कर्ज काढून उतरलेला माणूस तर परतीच्या वाटेवर नसतोच. त्याचा शेअर तळालाच तारणदाराने विकून टाकलेला असतो.

मे १८६६ मध्ये लंडनमधली ओव्हरेंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली आणि मुंबईत जे कसेबसे तगले होते तेही गेले. त्या वर्षी प्रेमचंद रायचंद बुडाले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे आपले बहुतेक सारे भांडवल घालवून मिटली आणि त्याच नावाची नवी बँक उघडली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. १८६३ च्या कायद्यातली ढिलाई आणि कर्जवाटपातली बेफिकिरी या दोन्हींवर त्याने बोट ठेवले. बॅक बे कंपनीही मोडीत निघाली. तिने भरलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वे कुलाब्याकडे गेली.

व्यक्तींच्या नशिबात मात्र सरसकट एकच रंग नव्हता. टाटांची पेढीही या वादळात सापडली होती. तरुण जमशेटजी लंडनला कापसाच्या हुंड्या घेऊन गेले होते. त्या कागदाच्या मोलाच्या झाल्या. आपल्याच पेढीचा हिशेब मिटवण्याचे काम धनकोंनी विश्वासाने त्यांच्यावर सोपवले. पुढे ॲबिसिनियाच्या मोहिमेच्या कंत्राटातून घर सावरले. प्रेमचंदही पुन्हा उभे राहिले आणि १९०६ मध्ये एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून वारले. ज्यांच्यापाशी पत होती त्यांना दुसरी संधी मिळाली.

इतरांचा शोध शिरगणतीत घ्यावा लागतो. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी. मोजणीतला फरक आणि रोगराई धरूनही त्यातला मोठा वाटा काम संपल्यामुळे गावी परतलेल्यांचा होता : भरावाची माती वाहणारे, इमारतींवरचे गवंडी, बंदरावरचे हमाल. त्यांनी एकही शेअर घेतला नव्हता. तेजीत त्यांना मजुरी मिळाली, आणि मंदीत त्यांनीही किंमत मोजली.

घाटावरची साखळी याहून लांब होती. तेजीच्या वर्षांत पैसा सैल होता आणि सावकार शेतकऱ्याला हात न आखडता कर्ज देत होता. पुणे आणि नगर जिल्हे काही मुख्यतः कापसाचे नव्हेत. पण पत ही पाण्यासारखी असते, वरच्या तळ्यात भरली की खालच्या चरांतही उतरते. १८६५ नंतर ती आटली. त्यातच १८६७ पासून इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी आली. तेजीत चढलेल्या भावांची स्मृती ताजी असताना ठरलेला तो सारा मंदीत भरायचा होता. जुने कर्ज फिटेना, नवे मिळेना, जमिनी खतांवर चढत गेल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने व घरे लुटून कर्जाची खते जाळली. आजूबाजूच्या गावांतून तेच लोण पसरले. सरकारी आयोगाने कारणे शोधताना कापसाच्या तेजीमंदीपर्यंत माग काढला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ जुलै १८७५ रोजी, मुंबईतल्या देशी शेअरदलालांनी आपली संघटना स्थापन केली. प्रवेश फी एक रुपया ठेवली होती.